चार ग्रॅम दोनशे दहा

सव्वीस वर्षं सेलमला सोनं गाळलं.
मुशीतल्या रसाचा रंग बघून सांगायचो
किती टंच, किती तांबं.
छातीत तेजाबाचा धूर साठला तेव्हा विट्याला परत आलो,
सोबत काचेच्या पेटीतला तराजू,
श्वास लागला तरी हलणारा.

त्याच तराजूवर रेणूनं
सरड्याचं पिल्लू आणून ठेवलं.
जेसीबीनं बांधावरची बाभळ उपटली, तिच्यात सापडलेलं.
आमच्याकडं याला गुहिरा म्हणतात,
दिसला की लोक आधी थुंकतात, मग दगड शोधतात.
चार ग्रॅम दोनशे दहा मिली.
अर्धा तोळासुद्धा नाही.
"आबा, जगंल का?"
म्हटलं, आधी रंग बघू.

रंग राखेचा.
उन्हात धरला तरी उजळेना.
भर दुपारी डोळे मिटलेले,
आणि डोळ्यांचे ते बुरूज आत बसलेले,
आटलेल्या आडासारखे.
बशीत पाणी ठेवलं, त्यानं ढुंकून पाहिलं नाही.
हट्टी आहे, मी म्हणालो.

म्हशींच्या दवाखान्यात, एका व्यालेल्या जाफराबादीच्या मागं
आम्ही नंबर लावला.
मुलाणी डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं,
"शी आणलीय?"
रेणूनं काड्यापेटी उघडली.
काळ्याला चिकटलेला पांढरा खडा पांढराच हवा;
हा केशरी होता.
"आपल्या जिल्ह्यात पिवळं म्हणजे हळद, म्हणजे पैसा," बाई म्हणाल्या,
"याच्या पोटातनं पिवळं आलं, म्हणजे तहान.
साठलेलं पाणी याला पाणी वाटतच नाही.
पानावर थेंब हलला पाहिजे."
मग पुढचा पाय बोटावर घेतला:
कोपरात वाकलेला, मऊ तारेसारखा.
"खिडकीत ठेवला होता? काचेआड?
काचेतनं आलेलं ऊन नुसतं गरम असतं."
आणि वर,
"वनखात्याला कळवा. हा पाळायचा नसतो.
बरा होईपर्यंत सांभाळायचा असतो."

फोन केला. गाडी येईल म्हणाले,
तोवर डॉक्टर सांगतील तसं करा.

जुन्या मच्छरदाणीचा पिंजरा शिवला,
आत जास्वंदीची कुंडी,
वर सलाईनची रिकामी बाटली, थेंब थेंब सोडलेली.
अर्धी बाजू उन्हात, अर्धी सावलीत,
त्याचं त्याला ठरवू दे.
रेणू रात्री दिव्याखालचे नाकतोडे धरायची,
त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा एकही नाही,
आणि डबीत कॅल्शियमची पूड घालून हलवायची,
लाह्यांना मीठ लावावं तशी.
दुसऱ्या दिवशी पानाच्या टोकाचा थेंब
त्यानं तोंडात घेतला.
गळा हलला.
आम्ही दोघं काही बोललो नाही.

गलाईच्या जुन्या वहीत, आवकेच्या रकान्यात, वजनं:
चार दोनशे दहा.
चार एकशे ऐंशी. (त्या रात्री रेणू जेवली नाही.)
चार तीनशे पंचावन्न.
पाच, आणि वर थोडं.
पाय मात्र वाकडाच राहिला. तो तसाच राहणार, बाई म्हणाल्या.

एका सकाळी बघतो तर अंगाची एक बाजू पुन्हा काळी.
मी ओरडलो.
रेणू दात घासता घासता हसली,
"ऊन खातोय, आबा. उन्हाकडची बाजूच काळी केलीय."
सव्वीस वर्षं रंग वाचून
मी चुकलो होतो.
सोन्याला रंग पुरतो.
जित्याला वेळ विचारावी लागते,
ऊन कुठल्या अंगाला आहे ते विचारावं लागतं.

त्याच आठवड्यात, तराजू पुसत होतो,
तिनं माझा हात धरला
आणि बराच वेळ सोडला नाही.
"नखं निळी आहेत तुमची.
कधीपासनं?"
खोकला आहे, म्हटलं, जुना आहे.
"सावलीत पण निळी आहेत," ती म्हणाली.

सोमवारी मिरजेला जायचं ठरलंय.
गाडी अजून आलेली नाही.
तो हिरवा होऊन फांदी धरून बसलाय,
एक डोळा माझ्यावर,
एक कुंपणाकडं.